माहिती तंत्रज्ञान किती रुजलं हे मोजायचं कसं? (प्रश्नावलीसाठी मदत हवी)

चांदणवेल

नमस्कार मंडळी,

सामाजिक पाहण्यांच्या कामात मला बरीच वर्षं झाली, पण आजवरचं सगळं काम आरोग्य आणि शिक्षणाचं. आता पहिल्यांदाच माहिती तंत्रज्ञानाच्या वापराची पाहणी आखायची जबाबदारी आली आहे. भाग मुख्यतः ग्रामीण, प्रगणक मोजके, वेळ कमी. विकसनशील देशांत अशा पाहण्या जशा होतात तशीच हीसुद्धा.

प्रश्नावलीचा पहिला खर्डा केला आणि पूर्वचाचणीला मी स्वतः गेले. खर्डा असा होता: घरात संगणक आहे का, स्मार्टफोन आहे का, इंटरनेट आहे का, मग ‘तुम्ही इंटरनेट वापरता का’, ‘हो’ म्हटलं तर कशासाठी. सरळसोट. दोन दिवसांत लक्षात आलं की यातून काहीच कळत नाहीये.

एका घरातला प्रसंग सांगते. बाई साधारण पन्नाशीच्या. प्रश्न त्यांना, उत्तरं मुलगा देतोय. मी त्याला थांबवून त्यांनाच विचारलं, तर म्हणाल्या, “नाही हो, मला त्यातलं काही कळत नाही.” मी ‘नाही’वर खूण केली. आवराआवर करत होते तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी उचलला, लेकीचा व्हिडिओ कॉल होता. बोलता बोलता त्यांनी कॅमेरा फिरवला आणि “बघ, या आल्यात माहिती विचारायला” म्हणून मला दाखवलं. माझ्या कागदावर मात्र त्या इंटरनेट न वापरणाऱ्या.

रात्री मी ती उत्तरं पुन्हा चाळली आणि अशा किती खुणा चुकल्या असतील या विचाराने झोप लागली नाही. या कागदांवरून पुढे कोणीतरी ठरवणार आहे की कुठे काय पोचलंय आणि कुठे नाही.

ज्यांनी असं काम केलंय किंवा या विषयाचा अभ्यास आहे त्यांनी कृपया लिहा. नमुना निवडीपासून शब्दांपर्यंत सगळंच हवंय.

आडवाटा

चांदणवेल, तुम्ही पाहिलंत ते एकट्या तुम्हाला दिसलेलं नाही. श्रीलंकेतल्या लर्नएशिया या संस्थेच्या अभ्यासकांना २०१२ च्या सुमारास इंडोनेशियात हेच दिसलं. पाहणीत लोक सांगत की आम्ही इंटरनेट वापरत नाही. पण त्याच लोकांशी गटचर्चा केली तर फेसबुकवर काय पाहिलं, कोणाशी बोललो याबद्दल भरभरून बोलत. त्यांच्या लेखी फेसबुक म्हणजे इंटरनेट नव्हतंच. आफ्रिकेतल्या पाहण्यांतही हा प्रकार आढळला.

म्हणून पहिली गोष्ट: ‘इंटरनेट’ या शब्दावर एकही प्रश्न उभा करू नका. शब्द न विचारता कृती विचारा. “गेल्या तीन महिन्यांत तुम्ही फोनवर कोणाचा चेहरा बघत बोललात का?” “कोणी पाठवलेला फोटो पाहिलात का?” “यूट्यूबवर गाणं किंवा व्हिडिओ लावलात का?” यातल्या एकालाही ‘हो’ आलं की ती व्यक्ती वापरकर्ती. तिला स्वतःला तसं वाटो वा न वाटो.

तीन महिने ही मुदत माझ्या मनाची नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, म्हणजे आयटीयूची, व्याख्या तीच आहे: गेल्या तीन महिन्यांत, कुठल्याही ठिकाणाहून, कुठल्याही उपकरणावर निदान एकदा वापर. स्वतःचा फोन असण्याची अट त्यात नाही. शाश्वत विकास उद्दिष्टांमधला १७.८.१ हा निर्देशक यावरच उभा आहे. ही मुदत तशीच ठेवा, नाहीतर तुमचे आकडे दुसऱ्या कुठल्या पाहणीशी ताडून बघता येणार नाहीत.

मुलाने उत्तरं देणं हा मात्र वेगळा आणि जास्त गंभीर प्रश्न आहे. त्यावर इथल्या जाणकारांनी लिहावं.

दशांश

नमुना किती घेणार आहात? विचारतो अशासाठी की या विषयावरचे प्रबंध वाचताना ३८४ हा आकडा इतक्या वेळा भेटतो की तो कुठून आला हेच लोक विसरलेत.

तो येतो असा: ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्क्यांची चूक चालेल आणि लोकसंख्येत निम्मे लोक वापरतात असं धरलं, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.००२५ म्हणजे ३८४. पण हे गणित साध्या यादृच्छिक नमुन्याचं आहे. सगळ्या माणसांची यादी समोर आहे आणि त्यातून चिठ्ठ्या काढल्यात, असं. प्रत्यक्षात आपण काय करतो? आधी गावं निवडतो, मग प्रत्येक गावात वीसेक माणसं. हा समूह नमुना झाला. एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे विसावा माणूस पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही.

किती कमी देतो त्याचंही सूत्र आहे. गावातल्या गावात साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळे अगदी सारखे) ०.१ धरलं आणि दर गावी २० माणसं घेतली, तर १ + १९ × ०.१ म्हणजे २.९. त्याने भागलं की तुमचे ३८४ लोक प्रत्यक्षात १३२ लोकांच्या मोलाचे. चूक ५ वरून साडेआठ टक्क्यांवर गेली.

आरोग्याच्या पाहण्यांत तुम्ही हे केलं असेलच. पण या विषयात ते साम्य बरंच जास्त असू शकतं. ज्या गावात सिग्नलच नाही तिथले वीसच्या वीस ‘नाही’ म्हणणार. साम्य ०.२ झालं तर भागायचा आकडा ४.८ होतो आणि हातात उरतात ८० माणसं, चूक जवळपास ११ टक्के. तेव्हा गावं जास्त, दर गावी माणसं कमी. वीस गावांत वीस-वीसपेक्षा चाळीस गावांत दहा-दहा. प्रवास वाढेल, दमछाक होईल, पण त्याला पर्याय नाही.

आणि गावं निवडण्याआधी त्यांचे दोन थर करा: जाळं पोचलेली आणि न पोचलेली. न पोचलेल्या गावात ‘का वापरत नाही’ हा प्रश्न विचारणं म्हणजे माणसाला उगाच दोषी धरणं आहे.

वाटसरू_७

थोडा विरोधी सूर लावतो. एवढा खटाटोप कशाला? दूरसंचार कंपन्यांकडे ग्राहकांचे आकडे असतात, नियामक ते दर महिना-तिमाहीला प्रसिद्ध करतात. फुकट मिळतात, दर वर्षी मिळतात, सगळ्या देशांचे मिळतात. पाहणी पाच वर्षांतून एकदा होणार आणि अहवाल येईपर्यंत तंत्रज्ञान बदललेलं असणार. कमी अचूक पण नियमित आकडा जास्त उपयोगाचा नाही का?

आडवाटा

वाटसरू, नियमितपणाचा मुद्दा खरा आहे आणि तो मी सोडून देत नाही. पण तो आकडा जोडण्यांचा आहे, माणसांचा नाही. आणि अडचण अशी की तो नेहमी एकाच दिशेने चुकत नाही. तसा चुकला असता तर दुरुस्ती करून वापरला असता.

बांगलादेशात १९९७ मध्ये ‘ग्रामीणफोन’ या मोबाइल कंपनीची गावफोन योजना सुरू झाली. कर्जावर फोन घेतलेली एक बाई आणि तिच्याकडे येऊन बोलणारं सगळं गाव. जोडण्या मोजल्या तर गावात एक. वापर मोजला तर अर्धं गाव. इथे जोडण्यांचा आकडा वापर कमी दाखवतो. आज उलटं झालंय. एकेका माणसाकडे दोन-दोन सिमकार्डं, त्यामुळे जगातल्या मोबाइल जोडण्या जगाच्या लोकसंख्येहून जास्त. त्यावरून कोणी म्हणेल की सगळ्यांकडे फोन पोचला. पण आयटीयूच्याच २०२४ च्या अंदाजानुसार तेव्हा जगातले २६० कोटी लोक इंटरनेटपासून दूर होते, आणि कमी उत्पन्नाच्या देशांत वापरणारे फक्त २७ टक्के.

तिसरं उदाहरण पाकिस्तानातलं. इझीपैसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा तिथे २००९ मध्ये सुरू झाली. कितीतरी वर्षं बहुसंख्य लोक स्वतःचं खातं न काढता एजंटकडे जाऊन, ओळखपत्र दाखवून, रोख देऊन त्याच्याकडूनच पैसे पाठवून घेत. हे लोक सेवा वापरत होते की नव्हते? कंपनीच्या खात्यांच्या यादीत ते नाहीत. स्वतःच्या हाताने त्यांनी काही केलेलं नाही. पण पैसे तर पोचले.

म्हणून मी वापराचे तीन प्रकार वेगळे नोंदवतो: स्वतःच्या उपकरणावर स्वतः, दुसऱ्याच्या उपकरणावर स्वतः, आणि दुसऱ्याकडून करवून घेतलेला. तिसरा प्रकार बहुतेक प्रश्नावल्यांत नसतोच. माझ्या मते विकसनशील देशातला सगळ्यात मोठा वापर तिथेच लपलेला असतो. अर्ज भरून घेणं, निकाल बघून घेणं, नोंदणी करून घेणं.

अबोली

धागा वाचून राहवलं नाही. मी प्रगणक म्हणून काम केलंय, आखणी कधी केली नाही. तेव्हा प्रश्नावली घेऊन दारात उभं राहणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

आम्हाला सूचना असायची: ‘कुटुंबप्रमुख किंवा घरातली जाणती व्यक्ती’. दिवसाला ठरावीक घरं पुरी करायची असल्यावर जो भेटेल तो जाणता. तो बहुधा पुरुष. आणि पुरुषाला ‘घरात कोण कोण फोन वापरतं’ विचारलं की तो ज्याच्या नावावर फोन आहे त्याचं नाव सांगतो. बायकोने दुपारी काय पाहिलं हे त्याला माहीत नसतं, किंवा माहीत असून सांगायचं नसतं. उलटही होतं. ‘हो हो, ती पण वापरते’ असं अभिमानाने सांगतो आणि तिला विचारावं तर तिला फोनचं कुलूप उघडता येत नाही.

नंतरच्या एका कामात वेगळी पद्धत होती. घरातल्या सगळ्या प्रौढांची वयानुसार यादी करायची आणि छापील तक्त्यावरून त्यातली एकच व्यक्ती निवडायची. ती घरी नसेल तर परत यायचं, पण दुसऱ्या कोणाला विचारायचं नाही. परत परत जाताना पाय दुखले. पण त्या कामात ज्या बायका भेटल्या त्या आधीच्या कुठल्याच पाहणीत कधी भेटल्या नव्हत्या. सुना, म्हाताऱ्या सासवा, माहेरी परत आलेल्या. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी विचारत होतं.

आणखी एक. बायकांशी बोलायला बाईच पाठवा, आणि फोन ‘आहे का’ एवढ्यावर थांबू नका. किती वेळ हातात असतो, त्या वेळी शेजारी कोण असतं, कॉलची यादी कोणी तपासतं का. शेवटचा प्रश्न जपून, एकांतातच. पण खरा वापर तिथे कळतो.

दशांश

अबोली, तो किश तक्ता. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडलेला. तुम्ही त्याचं जे मोल सांगितलंत ते पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

चांदणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. अबोली, तुमचा प्रतिसाद मी आमच्या प्रगणकांना वाचून दाखवणार आहे.

आता दुसरी अडचण. मार्गदर्शकांचा आग्रह आहे की ‘तंत्रज्ञान स्वीकार प्रारूप’ वापरायचं. ‘हे तंत्रज्ञान माझ्या कामात उपयुक्त आहे’, ‘हे वापरायला सोपं आहे’ अशी विधानं आणि पाच पायऱ्यांवर सहमती. पूर्वचाचणीत मी ती विधानं विचारली. जवळजवळ सगळे सगळ्याला ‘पूर्ण सहमत’. ज्यांनी संगणक कधी पाहिलेला नाही तेसुद्धा तो वापरायला सोपा असल्याशी पूर्ण सहमत. याचं काय करू?

शोधयात्री

याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण माझा स्वतःचा अभ्यास याच खड्ड्यात पडला होता.

ते प्रारूप फ्रेड डेव्हिस यांचं, १९८९ मधलं. उपयुक्तता वाटणं आणि सोपेपणा वाटणं या दोन गोष्टींवरून माणूस तंत्रज्ञान स्वीकारेल की नाही हे सांगता येतं, हा त्याचा गाभा. त्यांनी ते कोणावर तपासलं? आयबीएमच्या टोरांटोतल्या प्रयोगशाळेतले कर्मचारी आणि बोस्टनमधले एमबीएचे विद्यार्थी, मिळून १५२ जण. प्रारूप त्या माणसांसाठी चांगलंच आहे. त्यांच्या टेबलावर संगणक होता, वीज होती, वाचता येत होतं, आणि कुठली प्रणाली वापरायची हे बऱ्याच अंशी त्यांच्या हातात होतं. हे सगळं जिथे गृहीत धरता येत नाही तिथे ‘मला ते सोपं वाटतं’ हे कारण रांगेत फार मागे उभं असतं. पुढे फोन कोणाचा, चार्जिंग कुठे, अक्षर कुठल्या भाषेत, हे सगळे उभे.

आता ‘पूर्ण सहमत’बद्दल. निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बंगळुरूत केलेला एक प्रयोग आहे. ४५० मुलाखती. तंत्रज्ञानाचे दोन पर्याय दाखवून कुठला आवडला ते विचारायचं. त्यातला एक मुलाखतकाराने स्वतः तयार केलाय असं वाटलं की लोक तोच निवडण्याची शक्यता अडीच पट होई. मुलाखतकार परदेशी असेल आणि दुभाषा लागत असेल तर पाच पट. मुद्दाम कमी दर्जाचा करून दाखवला तरीही लोक त्यालाच पसंती देत.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या प्रबंधाची सामग्री गोळा होऊन गेली होती. माझे प्रगणक हातात टॅब्लेट घेऊन, गळ्यात ओळखपत्र घालून विचारत होते की तंत्रज्ञान उपयुक्त आहे का. समोरच्याने दुसरं काय म्हणायचं? दारात आलेल्या माणसाचं मन मोडायचं नाही, एवढाच त्या ‘पूर्ण सहमत’चा अर्थ होता. क्रोनबाख अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.९ च्या वर आला आणि मी खूश झालो. प्रत्येक जण आपलं एकच उत्तर सगळ्या विधानांना देत असेल तर अल्फा वर जाणारच. तो आकडा प्रामाणिकपणे छापला, पण आज त्या प्रकरणावर माझा विश्वास नाही.

तुमच्यासाठी सुचवतो:

मार्गदर्शकांची विधानं पूर्ण काढू नका, पण निम्मी उलटी करा. ‘हे शिकायला मला फार वेळ लागतो’ यालाही तोच माणूस ‘पूर्ण सहमत’ म्हणाला की तुम्हाला कळेल, आणि मार्गदर्शकांनाही दाखवता येईल. पाच पायऱ्यांऐवजी आधी ‘पटतं की नाही पटत’ आणि मग ‘थोडं की खूप’, असं दोन टप्प्यांत विचारा. तोंडी मुलाखतीत ते जास्त नीट कळतं. आणि ज्याने ती वस्तू हातात घेतलेली नाही त्याला ही विधानं विचारूच नका, प्रश्नावलीत तिथे उडी ठेवा, म्हणजे थेट पुढच्या भागावर जायची सूचना.

वाटसरू_७

शोधयात्री, हे इतकं उघडपणे लिहिल्याबद्दल आभार. माझं मत बदललंय असं नाही, पण जोडण्यांच्या आकड्याशेजारी पाहणी लागतेच एवढं पटलं. एक सुचवू का? ऑनलाइन फॉर्मवर ही पाहणी करायचा मोह कोणी करू नये. मी अशा दोन पाहण्यांची उत्तरं भरली आहेत. जे वापरतात त्यांनाच विचारायचं की वापरता का. फोनवरून घेतलेल्या मुलाखतींचंही थोडं तसंच.

आडवाटा

+१

कौशल्यांबद्दल राहिलं. ‘तुम्हाला अमुक येतं का’ विचारू नका, करून दाखवायला सांगा. भारतात ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना स्मार्टफोन आणायला सांगून गजर लावणं, माहिती शोधणं, नकाशावर रस्ता काढणं, व्हिडिओ पाठवणं अशी कामं करून घेतली. फोन मिळवून आणता येणं हीच पहिली चाचणी झाली, आणि त्यात आणि पुढच्या कामांतही मुली मागे राहिल्या. नुसतं विचारलं असतं तर हे इतकं स्पष्ट दिसलं नसतं. चांदणवेल, तुमच्याकडे वेळ कमी आहे, तर दोनच कामं घ्या. पण घ्या.

शोधयात्री

आणि ‘सोडून दिलं’ हा पर्याय. प्रश्नावल्यांत ‘वापरतो’ आणि ‘वापरत नाही’ असतं, ‘वापरत होतो’ नसतं. फोन बिघडला, पैसे भरायचे राहिले, सासरी गेल्यावर बंद झालं, फसवणूक झाली म्हणून भीतीने सोडलं. हे लोक कधीच न वापरलेल्यांत मिसळून जातात, आणि त्यांना मग ‘जागृती’ची गरज आहे असा निष्कर्ष निघतो.

वाटप म्हणजे स्वीकार नाही, याचंही एक ठळक उदाहरण आहे. पेरूमध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ कार्यक्रमाचं मूल्यमापन ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांत झालं. दर विद्यार्थ्यामागे संगणक ०.१२ वरून १.१८ वर गेले, आणि गणित-भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. उपकरणं मोजून कोणी पाहणी थांबवली असती तर ते यश म्हणूनच नोंदलं गेलं असतं.

चांदणवेल

चार दिवस खर्ड्यावर बसले होते, म्हणून उशिरा लिहितेय. नवं रूप थोडक्यात:

घराची माहिती एका पानात, कोणीही सांगितली तरी चालेल. त्यानंतर किश तक्त्याने एक व्यक्ती, आणि पुढचं सगळं फक्त तिच्याशी. ‘इंटरनेट’ हा शब्द पूर्ण प्रश्नावलीत एकदाच, शेवटाकडे, आयटीयूच्या शब्दांत. त्याआधी सात कृती, प्रत्येकीला तीन महिन्यांची मुदत, आणि प्रत्येकीपुढे: स्वतःच्या फोनवर, दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्याकडून करवून, पूर्वी करत होते आता नाही, कधीच नाही. दोन कामं करून दाखवायची. मार्गदर्शकांची विधानं बारावरून सहावर आणली, त्यातली तीन उलटी. ते आधी नाराज होते, मग पूर्वचाचणीची उत्तरं समोर ठेवली, तेव्हा बराच वेळ कागद बघत राहिले आणि हो म्हणाले.

कृतीचे प्रश्न आणि शेवटचा ‘इंटरनेट’चा प्रश्न यांच्या उत्तरांत जो फरक पडेल तोच मला सगळ्यात आधी बघायचा आहे.

गावं ४२ घेतली आहेत, दर गावी दहा घरं.

त्या पन्नाशीच्या बाईंकडे परत गेले होते. नवी प्रश्नावली त्यांच्यावरच आधी वापरली. सात कृतींपैकी चार त्या स्वतः करतात. त्यातली एक, आवाज रेकॉर्ड करून पाठवणं, मुलाला माहीतच नव्हती. तो शेजारीच बसला होता, आईकडे बघतच राहिला.

दोन शंका उरल्यात. एका घरातून एकच व्यक्ती घेतली तर मोठ्या कुटुंबातल्या माणसांवर अन्याय होत नाही का? आणि मुलाखतीच्या वेळी शेजारी बसलेलं कोणी उठून जायला तयारच नसेल तर ती मुलाखत रद्द करायची का?

दशांश

पहिली शंका बरोबर आहे. दोन प्रौढांच्या घरातल्या व्यक्तीला निवडलं जायची संधी दोनात एक, सहांच्या घरात सहात एक. म्हणून घरातल्या पात्र प्रौढांची संख्या न चुकता नोंदवा आणि विश्लेषणात प्रत्येक उत्तराला तेवढंच वजन द्या. सहांच्या घरातून आलेलं एक उत्तर सहा जणांच्या वतीने मोजायचं. वजनं न लावता टक्केवारी काढली तर लहान कुटुंबं जास्त भरतील, आणि एकत्र कुटुंबातल्या ज्या सुनांबद्दल अबोलींनी लिहिलंय त्या पुन्हा मागे पडतील.

दुसरी: रद्द करू नका. प्रत्येक भागाच्या शेवटी एक रकाना ठेवा: ‘या वेळी आणखी कोण हजर होतं?’ नवरा, सासू, मुलगा, शेजारी, कोणी नाही. प्रगणकाने स्वतः भरायचा, विचारायचा नाही. शेवटी एकांतातली उत्तरं आणि इतरांसमोरची उत्तरं वेगवेगळी काढून बघा. आणि ती आली की या धाग्यावर नक्की टाका, मला बघायची आहेत.

अबोली

तो रकाना घराबाहेर पडल्यावर लगेच भरायला सांगा, संध्याकाळी नाही. संध्याकाळपर्यंत कुठल्या घरात कोण बसलं होतं ते आठवत नाही.